रेघ फिरते तोवर

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचं म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायला लागतो. अडचण एवढीच की तो कॉलेजात ठेवून घरी येता येत नाही. माझ्या नवऱ्याने त्यावर उपाय शोधलाय. मी सुरू झाले की तो मुकाट भाजी निवडायला घेतो. आमच्या घरी मेथी फार स्वच्छ निवडलेली असते.

आबांना हा उपाय माहीत नव्हता. आबा म्हणजे माझे वडील. भोकरपासून आत आमचं गाव आहे, तिथे त्यांनी जन्मभर शेती केली. आई गेली, बैलजोडी विकली, शेत चुलतभावाकडे दिलं, आणि घरात आबा एकटेच उरले. मी एकुलती एक. मी जाऊन त्यांना नांदेडला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे जवळजवळ उचलून आणलं, कारण ते तयार नव्हते. "लेकीच्या घरी माणसानं किती दिवस ऱ्हावं," असं ते गाडीत बसताना म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता, खिडकीच्या काचेला सांगितल्यासारखं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा हात राखून पितात. आमचे आजोबा आत्याच्या गावाला जाताना स्वतःची भाकरी बांधून न्यायचे म्हणे. मी हसले. म्हटलं, आबा, आता कोण पाळतं हे असलं? ते "हाव" म्हणाले. आबांचं हाव म्हणजे होकार असतोच असं नाही. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आबा पोर्चमध्ये माझी गाडी पुसायलेत. जुन्या धोतराचा एक तुकडा त्यांनी पिशवीत घालून आणला होता. बॉनेटवर हात गोल गोल फिरवत, मधूनच थांबून, मागे सरकून बघत त्यांचं चाललं होतं. गावी ते बैलांची पाठ अशीच घासायचे. मला ते बघून बरं वाटलं. म्हातारा रमला, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी सहा म्हणजे सहाला आबा पोर्चमध्ये असत. पुसून झालं की हात धुऊन चहा घ्यायला येत, आणि तो चहा ते जरा ऐटीत पीत. जेवायला मात्र मागून कधी घेत नसत. वाढलं तेवढं खायचं. मी आपली समजून दोन भाकरी वाढायची, वर भाजी वाढायची. "अजून पायजे का?" विचारलं की हात आडवा करायचे.

गाडी माझी पहिली. गडद निळी. स्वतःच्या पगारातून घेतलेली, त्यामुळे तिच्यावर माझा जीव जरा जास्तच. गाडी घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी कॉलेजच्या आवारात ती उन्हात उभी होती, आणि बॉनेटवर ऊन पडलं तिथे सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक गोल ओरखडे चमकत होते. दारांवर तेच, छतावर तेच. सोबतच्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, गाडी घासणीने धुता का हो?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून पेटले.

त्या दिवशी मी मोबाइलवर तासभर वाचलं. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या फडक्याने ती पुसली की फडकं धूळ काढत नाही, ती रंगावरून फरफटत नेतं. हे मला वाचून कळावं, याचीच खरं तर लाज वाटायला हवी होती. घर्षणाचा धडा मी दर वर्षी शिकवते.

दुसऱ्या सकाळी मला उशीर झालेला. बाहेर आले तर आबांच्या हातून फडकं फरशीवर पडलं. त्यांनी ते उचललं, दोनदा झटकलं आणि तसंच बॉनेटवर टेकवलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "ही काय म्हैस हाय का आबा, घासायला?" हे नक्की बोलले. "कुणी सांगितलंय तुम्हाला हे काम?" हेही बोलले. आणि शेवटी, गाडीत बसता बसता, जरा मऊ व्हावं म्हणून म्हटलं, "तुम्ही काही करू नका. नुसतं बसून खा आरामात."

मला खरंच वाटलं की मी शेवट गोड केला.

आबांनी फडक्याची चौघडी केली, ती कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पोर्चमध्ये आले नाहीत. मी तेही चांगलंच धरलं. आता फक्त ओरखडे काढायचे राहिले होते, आणि त्यासाठी मशीन लागते एवढं मला कळलं होतं. माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती पुरी झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. आठवडाभर मी पॉलिश मशीनशिवाय दुसरं काही वाचलं नाही.

नांदेडच्या बाजारात हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात गेले. दुकानदाराने एक जाडजूड मशीन काउंटरवर ठेवली. फरशी घासायच्या ग्राइंडरसारखी दिसणारी, पुढे लोकरीची टोपी चढवलेली. म्हणाला, "हीच नेतात सगळे. फर्निचरला चालते, ग्रॅनाइटला चालते, गाडीलाही चालते." मी विचारलं, ही नुसती गरागरा फिरते की मागेपुढे हलतही फिरते? त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, घरात जेन्ट्स कुणी नाहीत का? त्यांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

"आहेत की," मी म्हटलं, "ते मेथी निवडायलेत."

मशीन हातात घेतली तर वजनदार होती, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. जोरकस वाटली. काम झटक्यात करून टाकेल अशी. घेणारच होते, पण तेव्हा त्याने मला जेन्ट्स पाठवायला सांगितलेलं डोक्यात बसलं होतं, म्हणून हट्टाने नाही घेतली. कधीकधी माझा राग माझ्या उपयोगी पडतो.

घरी आल्यावर नवऱ्याला ही हकिगत रंगवून सांगितली. तो हसला नाही. आबा देवळात गेले होते. तो म्हणाला, आबा सोमवारी गावी जायलेत. तुरीचं बघायचंय म्हणतात.

"आबांची तूर कुठंय? शेत तर दुसऱ्याकडे आहे."

"तेच," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ते हल्ली एकच भाकरी खातात, बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. सकाळी मी घाईत, रात्री मी मोबाइलवर मशीन बघत. त्यामुळे वाढायचं काम हल्ली नवऱ्याकडे गेलं होतं. तो म्हणाला, दुसरी वाढायला गेलं की हात आडवा करतात, भूक न्हाई म्हणतात. पहिल्यांदा वाटलं पोटाचं काही असेल. मग तारीख लक्षात आली. "तू त्यांना बसून खा म्हणालीस ना, त्या दिवसापासून."

मी खाली बसले. त्या माणसाने लेकीच्या घरी राहायचं कसं, यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. सकाळी उठून एक काम करायचं, मग चहा प्यायचा, मग दोन भाकरी खायच्या. फुकटचं काही नाही. तो तोडगा मी भर पोर्चमध्ये हिसकावून घेतला होता, आणि वर त्यांना सांगितलं होतं की नुसतं बसून खा. माझा बाप माझ्या घरात अर्धपोटी उठत होता आणि मी ओरखड्यांचे फोटो मोठे करून बघत होते. मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती.

शहाण्या माणसाने त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं असतं, आबा, चुकलं माझं. मला ते जमत नाही. वर्गात साठ पोरांसमोर बोलता येतं, घरात एका माणसासमोर जीभ जड होते. मी ठरवलं की सोमवारच्या आत गाडी पहिल्यासारखी करायची आणि आबांना दाखवायची. बघा, काही बिघडलं नव्हतं. म्हणजे माफी मागायचं काम मी मशीनवर ढकललं होतं.

शुक्रवारी पेपर तपासणीच्या बैठकीसाठी मला लातूरला जायचंच होतं. बैठक दुपारी संपली. सोबतच्या एका मॅडमच्या ओळखीने औसा रोडला एका शेडमध्ये गेले. तिथे पन्नाशीचा एक गृहस्थ गाड्यांचा रंग दुरुस्त करायचं काम करतो. त्याने माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, हातातला दिवा तिरका धरून बॉनेट बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "रोज कोण पुसतं?"

"वडील."

"मनापासून पुसलंय," तो म्हणाला. "एक कोपरा सोडला नाही."

मला एकदम रडू आलं, पण मी विषय मशीनवर आणला. त्याला म्हटलं, दोन दिवस गाडी इथे सोडता येणार नाही, मला मशीन विकत घ्यायचीय, कोणती घेऊ? बाजारात बघितलेल्या मशीनचं वर्णन केलं. भंगारातलं एक लाल बॉनेट त्याने दोन स्टुलांवर ठेवलं आणि तसलीच मशीन माझ्या हातात दिली. "चालवून बघा."

मी चालवली. मशीनने हाताला असा हिसका दिला की मी दोन्ही हातांनी दाबून धरली. ओरखडे खरोखर पुसले जात होते. मला जोर चढला. बॉनेटच्या कडेला आले, तिथे जरा जास्त वेळ धरली, आणि जळका वास आला. उचलून बघते तर कडेच्या लाल रंगात पांढरा डाग. आतलं अस्तर उघडं पडलं होतं.

"हे आता परत येत नाही," तो शांतपणे म्हणाला. "मशीन वाईट नाही. मी पण वापरतो. एकाच जागी गरागरा फिरते, त्याने तापतं. कडेला रंग पातळ असतो, तिथं क्षणभर जास्त झालं की संपलं. तुम्ही दाबता फार."

मला दाबता फार असं तोंडावर सांगणारा तो पहिलाच माणूस. एरवी मी उलटून बोलले असते. पांढरा डाग समोर होता, म्हणून गप्प बसले.

मग त्याने दुसरी मशीन काढली. ही फिरते आणि फिरता फिरता थरथरतही, त्यामुळे एका जागी ताप धरत नाही. काम हळू होतं, पण चूक पोटात घालते. तिच्या तबकडीच्या कडेला त्याने मार्करने एक काळी रेघ मारली होती. "दाबा आता हिला." मी दाबली. मशीनचा आवाज चालूच, हात थरथरतोय, पण रेघ जागच्या जागी थांबली.

"रेघ फिरायलीय तोवर काम होतंय," तो म्हणाला. "रेघ थांबली की नुसता तुमचा जोर चाललाय. गाडीला त्याचा काही उपयोग नाही."

हे वाक्य मी औसा रोडवरून नांदेडपर्यंत घोळवत आणलं. माझ्या घरातली रेघ कधीची थांबली होती आणि माझा आवाज चालूच होता.

पण तेव्हा मशीन निवडायची बाकी होती. या थरथरणाऱ्या मशीनमध्येही दोन प्रकार निघाले. एकीचा झोका, म्हणजे तबकडीचं मागेपुढे हलायचं अंतर, मोठा. ती मोठ्या सपाट पत्र्यावर भराभर काम करते, पण हाताला जड. दुसरीचा झोका लहान. ती वळणावळणात नीट बसते, हलकी असते, वेळ मात्र जास्त खाते. दोन दिवसांत काम उरकायचं तर मोठी बरी, असा हिशेब मी करत होते. तिला हात लावलाही होता. आणि का कोण जाणे, तोंडातून निघालं, "सत्तरीच्या माणसाला यातली कोणती झेपेल?"

"वडील करणार का?"

मी त्याआधी तसं ठरवलं नव्हतं. "हो," मी म्हटलं.

त्याने मोठी मशीन बाजूला सरकवली. "मग ही लहान. आणि एक सांगतो, सगळे ओरखडे काढायला जाऊ नका. वरचा थर मुळात पातळ. आपण ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचं घासून त्याच्या पातळीला आणतो. दर वेळी थोडं जातंच. दिसायला बरं झालं की थांबायचं." त्याच्याच ओळखीच्या दुकानातून मी ती लहान मशीन, फोमचे चार पॅड, दोन बाटल्या पॉलिश आणि मऊ फडक्यांचा गठ्ठा घेतला.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये गाडी धुतली, वाळवली, कडांना कागदी पट्टी चिकटवली, आणि नव्या मशीनच्या तबकडीवर मार्करने काळी रेघ मारली. आबांची पिशवी आतल्या खोलीत भरून तयार होती. मी हाक मारली तर ते आले आणि भिंतीशी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. इतक्या वर्षांत मी त्यांना हात बांधून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. ही रेघ फिरत राहायला हवी, एवढं त्यांना सांगून मी मशीन सुरू केली. रेघ फिरायला लागली. आबा बघत होते म्हणून मला आणखी जोर आला, आणि रेघ थांबली.

"थांबली की ती," आबा म्हणाले.

मी सैल केलं, फिरली. पुन्हा दाबलं, थांबली. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्यांना राहवेना. "ढील दे जरा. तिला तिच्या मनानं चालू दे. आण इकडं."

त्यांनी मशीन धरली. पहिल्यांदा थरथर बघून दचकले, मग त्यांच्या मनगटाने ते ओळखलं. औत धरल्यागत त्यांनी तिला नुसतं सांभाळलं, ओझं तिचं तिलाच वाहू दिलं. काळी रेघ सारखी फिरत राहिली. आडवं एकदा, उभं एकदा, अर्ध्यावर अर्धं चढवत, शेतात वखराची पाळी घालावी तसे ते बॉनेटवरून गेले. मी फडक्याने पॉलिश पुसलं. खालून इतकं निळं निघालं की त्यात पोर्चचं छत दिसलं आणि आबांचा चेहरा दिसला.

मशीन आबांच्या हातात चालूच होती. त्या आवाजात मला धीर आला. म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं."

"काय? मशीन बंद कर, ऐकू येईना."

मी बटण बंद केलं. पोर्चमध्ये एकदम शांत झालं. आता पळायला जागा नव्हती. "बसून खा म्हणाले मी. ते चुकलं. हे घर तुमचं हाय."

आबांनी मशीन खाली ठेवली, फडकं घेतलं आणि त्याची घडी उलटी केली. ओली बाजू आत, कोरडी बाजू बाहेर, मी नुकतंच शिकवलं होतं तसं. "हाव," ते म्हणाले. मला त्या हावचा अर्थ लागला नाही. ते बॉनेटची उरलेली बाजू बघायला वाकले.

दुपारपर्यंत बॉनेट आणि एक दार झालं. काही खोल ओरखडे राहिले, ते मी राहू दिले. आबा गाडीभोवती फिरले. तीन दारं, छत, मागचं झाकण, सगळं बोटाने दाखवत म्हणाले, "एवढं बाकी हाय. हे असं टाकून उद्या कसं जाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला गेले.

जेवायला बसलो. नवऱ्याने पिठलं केलं होतं. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी वर बघितलं नाही. हात आडवा होईल या भीतीने तिसरीचं विचारलंही नाही. मग आबांनी ताट माझ्याकडे सरकवलं. या घरात आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं.

"अर्धी वाढ अजून," ते म्हणाले. "भूक लागली."